शनिवारी शेजाऱ्यांकडे रोजा सोडायला जायचंय, आणि मला काहीच माहीत नाही

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी ४७ वर्षांचा. जन्म पुण्यातला, शाळा पेठेत, कॉलेज कर्वे रस्त्यावर, नोकरी हिंजवडीत. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर चार महिन्यांपूर्वी अत्तार आडनावाचं कुटुंब राहायला आलं. नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याची आई. ते येण्याआधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. मी तिथे होतो आणि गप्प बसलो होतो, एवढंच लिहितो. आता त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा रोज पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात. दोघांनी मिळून एका गाडीची काच फोडली, भरपाई आम्ही निम्मी-निम्मी केली, आणि त्यातूनच ओळख पक्की झाली.

काल त्यांच्या आजी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "शनिवारी रोजा सोडायला या सगळी. तुमच्या आईंना पण आणा." मी हो म्हणून टाकलं. घरी आल्यावर लक्षात आलं, शिरकुर्मा, बिर्याणी आणि सिनेमातली कव्वाली यापलीकडे आपल्याला ओ की ठो ठाऊक नाही. शाळेत मोगल भेटले ते घोड्यावर बसूनच. ही माणसं मानतात काय, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर येतं त्यात निम्म्या शिव्या, निम्मा गुलाबपाण्याचा शिडकावा.

तर विचारतो. थोडक्यात हा धर्म काय आहे? रमजान दरवर्षी वेगळ्या महिन्यात का येतो? शिया, सुन्नी, बोहरी, दर्गावाले हे काय प्रकरण आहे? आणि शनिवारी न्यायचं काय? माझी आई पूर्ण शाकाहारी. तिचा प्रश्न आणखी वेगळा: "उपास त्यांचा आणि जेवायला आपल्याला बोलावतात, ते कसं काय?"

---

गणिताच्या बाई

अहो कर्वेनगरी, तुमच्या चार प्रश्नांना मार्क सारखे नाहीत. दुसरा माझ्या आवडीचा, त्यावर मी जास्त लिहिणार. चौथा परीक्षेत येणार आहे, तो नीट वाचा. बाकीचे जमतील तसे.

मी तांबोळी. मूळची इंदापूर तालुक्यातली. १९८७च्या जूनमध्ये मराठी शाळेत गणित शिकवायला लागले, २०२१च्या मेमध्ये निवृत्त झाले, आता हडपसरला असते. मौलाना नाही, तेव्हा फतवा मागू नका. घरात पाहिलं, शिकले आणि भांडले त्यातून सांगते.

धर्म थोडक्यात. देव एक, त्याला आकार नाही, भागीदार नाही. मुहम्मद हे त्याचे शेवटचे प्रेषित. हे मनापासून मानून म्हटलं की माणूस मुसलमान, त्याला कलमा म्हणतात. मुहम्मदांचा जन्म ५७०च्या सुमारास मक्केत झाला. बाप जन्माआधीच गेलेला, आई सहाव्या वर्षी गेली, आजोबा आणि मग काका यांनी वाढवलं. पुढे व्यापारात पडले. ज्या खदीजाबीबींचा माल घेऊन जायचे त्यांच्याशीच लग्न झालं. त्या वयाने मोठ्या आणि मालकीणबाई. चाळिशीत, ६१० साली, हिरा नावाच्या गुहेत पहिला संदेश आला. त्याचा पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच. मी शिक्षिका, हा शब्द मला सगळ्यात आवडतो. मक्केतल्या लोकांनी छळ केला म्हणून ६२२ साली ते मदिनेला गेले. त्या जाण्याला हिजरत म्हणतात आणि हिजरी सन तिथून मोजतात. ६३२ साली ते वारले. त्यांची पूजा होत नाही, चित्र काढत नाहीत. जे संदेश आले त्यांचं कुराण झालं: ११४ सूरा, म्हणजे अध्याय, आणि वाचायच्या सोयीसाठी ३० पारे, म्हणजे भाग. कोंढव्यातलं कौसरबाग ऐकून असाल. 'कौसर' हे कुराणातल्या सगळ्यात लहान सूरेचं नाव, तीनच आयती, म्हणजे वचनं.

आणखी एक, कारण हे पुष्कळांना ठाऊक नसतं. इब्राहीम, मूसा, ईसा हे सगळे आमच्याकडेही प्रेषितच. ईसा म्हणजे येशू. त्याच्या आईच्या, मरियमच्या, नावाची अख्खी सूरा कुराणात आहे.

करायच्या गोष्टी पाच. कलमा सांगितला. मग दिवसातून पाच वेळा नमाज: फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. त्याआधी वजू, म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा, घोट्यापर्यंत पाय धुवायचे. आमचे दादा (आजोबा हो) हे सगळं एका तांब्यात उरकायचे. उजनीच्या कालव्याच्या काठी राहून एका तांब्यात. मी धबाधबा पाणी ओतलं की म्हणायचे, "नदीच्या काठाला बसलीस तरी पाणी मोजून." तोंड काब्याकडे, म्हणजे मक्केतल्या त्या पवित्र वास्तूकडे, करायचं. पुण्याहून ती दिशा पश्चिमेची, जराशी उत्तरेकडे कललेली. तुम्ही अत्तारांकडे गेलात आणि आजी एका कोपऱ्यात तिरक्या उभ्या राहिल्या तर दचकू नका; बिल्डरने भिंती काही काबा बघून बांधलेल्या नसतात.

जाता जाता, अजानमध्ये 'अकबर' येतं तो बादशहा नव्हे. अकबर म्हणजे सर्वांत मोठा, देवाबद्दल म्हटलेलं. स्टाफरूममध्ये एका सरांचा वीस वर्षांचा गैरसमज मी मधल्या सुट्टीत दूर केला होता. त्यांना अजूनही पटलेलं नाही.

तिसरा रोजा, चौथी जकात, पाचवं हज, म्हणजे मक्केची यात्रा. हजला लोक 'तुमची वारी' म्हणतात. थोडं तसंच, पण वारी वर्षाला असते; हज आयुष्यातून एकदा, तेही ऐपत असेल तर. कर्ज काढून जावं अशी अपेक्षा नाही. पुरुषांच्या अंगावर न शिवलेली दोन पांढरी कापडं. तिथे कोण कंपनीचा मालक आणि कोण त्याचा ड्रायव्हर हे कळत नाही असं सांगतात. माझं जाणं झालेलं नाही.

जकात मात्र माझ्या पट्टीतली. वर्षभर हाताशी राहिलेल्या बचतीचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच. चार लाख साठले असतील तर दहा हजार गरिबाचे. ही मेहेरबानी नव्हे, ते त्याचेच, तुमच्याकडे ठेवायला दिले होते असं समजायचं. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही किमान मर्यादा, त्याखाली जकात लागत नाही. आता गंमत ऐका. मी हनफी, माझी सून रत्नागिरीकडची, शाफई; धर्माचे नियम लावायच्या या दोन परंपरा, दोन्ही सुन्नींच्याच. आमच्यात अंगावरच्या दागिन्यांचीही जकात काढतात, त्यांच्यात वापरातल्या दागिन्यांची नाही. म्हणजे एकाच कपाटात, एकाच कप्प्यात दोन डबे, आणि दोन डब्यांना दोन हिशेब. दरवर्षी रमजानात मी कॅल्क्युलेटर घेऊन बसते आणि ती माझ्याकडे बघून हसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पाटी घ्या.

चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. बारा महिन्यांचे ३५४. सूर्याचं वर्ष ३६५. वजाबाकी अकरा. तुमचं पंचांगही चंद्रावरच चालतं, मग दिवाळी मे महिन्यात का येत नाही? कारण दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी तुम्ही धोंड्याचा महिना घालता, जावयाला अनारसे खाऊ घालता आणि थकलेले दिवस एकदम चुकते करता. अरबस्तानातही पूर्वी असा जादा महिना घुसवायची चाल होती. कुराणाच्या नवव्या सूरेने ती बंद केली. वर्षाचे महिने बाराच, तेरावा नाही. तेव्हापासून आमची थकबाकी तशीच पुढे सरकते आहे. रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून परत जागेवर येतो. २००० साली तो नोव्हेंबर-डिसेंबरात होता, २०१६ साली जूनमध्ये. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबर संपता संपता पुन्हा एकदा सुरू होईल.

माझ्या नोकरीतला पहिला रमजान १९८८च्या एप्रिल-मेमध्ये आला. वार्षिक परीक्षा, पत्र्याचं छप्पर, तीन तास उभं राहून सुपरव्हिजन, आणि पोरं समोर वॉटरबॅग उघडून गटागट पाणी पिताहेत. तो आवाज मी अजून विसरले नाही. पुढे रमजान सरकत सरकत थंडीत गेला, मग पावसाळ्यात, मग जूनमध्ये शाळा उघडताना. निवृत्तीच्या वर्षी, २०२१ला, पुन्हा एप्रिल-मे. फेरी पूर्ण. मी म्हटलं होतं शेवटचं सुपरव्हिजन रोजा ठेवूनच करायचं, पण कोरोनामुळे परीक्षाच झाल्या नाहीत.

आमचा दिवस मावळतीला सुरू होतो, हेही ध्यानात ठेवा. महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर तीस पुरे करायचे. म्हणून ईदची सुट्टी कॅलेंडरात छापलेली असते आणि तरी आदल्या रात्री नऊ वाजेपर्यंत दूधवाल्याला किती लिटर सांगायचं ते नक्की नसतं.

रोजा म्हणजे पहाटे फजरच्या आधीपासून सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. साबुदाणा नाही, राजगिऱ्याचा लाडू नाही. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, पाळी सुरू असलेल्या, लहान पोरं यांना सूट; राहिलेले रोजे नंतर जमेल तेव्हा भरून काढायचे. पाळीत तर ठेवायचाच नसतो, तेव्हा कुणा बाईला "आज रोजा नाही का?" असं चारचौघांत विचारू नका.

चौथा प्रश्न. दहा-पंधरा मिनिटं आधी जा, उशिरा मुळीच नको. मार्चमध्ये पुण्यात पावणेसातच्या सुमारास रोजा सुटतो, नेमकी मिनिटं त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकात असतील. शेवटची पाच मिनिटं कुणी फार बोलत नाही. ताटं मांडलेली, खजूर बोटांत धरलेला, आणि सगळ्यांचे कान अजानकडे. तेव्हा "वा, भजी काय खमंग दिसताहेत" असं म्हणू नका हो. खजूर आणि पाणी झालं की ते मगरिबची नमाज पढतील, ती पाच-सात मिनिटांची. तुम्ही खात राहिलात तरी चालतं. न्यायला फळं न्या, खजूर न्या, आईंच्या हातचं काही गोड न्या. बाजारचा केक वगैरे नको, त्यात काय काय असतं ते वाचत बसावं लागेल. आई शाकाहारी आहेत हे आजच फोन करून सांगा. लाजू नका. न सांगता गेलात आणि त्या उपाशी उठल्या तर अत्तार आजींना रात्रभर झोप लागणार नाही.

आणि आईंच्या प्रश्नाचं उत्तर: रोजा ठेवणाऱ्याला सोडायच्या वेळी खाऊ घातलं तर त्याच्याइतकंच पुण्य मिळतं असं मानतात. मग माणूस सवयीने सगळ्यांनाच बोलावतो. तुमच्याकडे सवाष्ण जेवायला घालतात ना, तसं.

तिसरा प्रश्न राहिला. नातू उठला. उद्या.

---

दापोलीकर

बाई, दागिन्यांवर बोललात, खेकड्यावर का नाही?

मी कोकणी मुसलमान, कोंढव्यात बारा वर्षं. आम्ही शाफई. समुद्रातलं बहुतेक सगळं आम्हाला चालतं. हनफींना मासा चालतो, खेकडा नाही, आणि कोळंबीवर त्यांच्यातच वाद. माझं लग्न सोलापूरकडच्या हनफी घरात झालं. पहिल्यांदा सासरे आमच्याकडे आले तेव्हा आईने प्रेमाने खेकड्याचं कालवण केलेलं. त्या माणसाने दोन तास डाळ-भातावर काढले आणि वर "फार छान झालंय" म्हणाले.

कर्वेनगरी, यातून एक घ्या. 'मुसलमान अमुक खातात, तमुक करतात' असं सरसकट वाक्य कुणी म्हटलं की समजा, त्याने एकच घर पाहिलंय. असरच्या नमाजची वेळसुद्धा आमच्यात आणि त्यांच्यात वेगळी. आमची लवकर होते. घरी कोकणीत बोलतो, उर्दू मला सिनेमाएवढीच येते.

---

सडेतोड

सगळं गोडगोड. तलाकवर, बायकांना मशिदीत जाऊ देत नाहीत त्यावर एक ओळ नाही. बाई, गणित शिकवताना अवघड उदाहरणं ऑप्शनला टाकायचात का?

---

गणिताच्या बाई

सडेतोड, टाकत नव्हते. शेवटी घ्यायचे, कारण तोवर अर्धा वर्ग जागा झालेला असायचा.

माझ्या मावसबहिणीला १९९४ साली पोस्टकार्डावर तलाक आला. पाकीट नाही, उघडं पोस्टकार्ड. म्हणजे पोस्टमनने आधी वाचलं, मग तिने. पोस्टमन गावातलाच, तिला शाळेपासून ओळखणारा. त्याने ते हातात दिलं नाही, उंबऱ्यावर ठेवलं आणि सायकल तशीच हातात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. तिची पोरगी तेव्हा दीड वर्षाची होती. एका दमात तीनदा तलाक म्हणून मोकळं होणं कुराणात सांगितलेलं नाही. तिथे दोन्ही घरचा एकेक माणूस मध्यस्थ घालायला सांगितलाय, तलाक दिलाच तर तीन महिने थांबायला सांगितलंय. पण मौलवीने "झाला" म्हटलं आणि झाला. त्याच्याशी भांडायला माझे वडील गेले होते, एकटे. बाकीचे "धर्माचा मामला आहे" म्हणून घरी बसले. तेही नमाजीच होते सगळे.

पुण्याचं म्हणून सांगते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६६ साली सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईत मोर्चाने गेले, याच तोंडी तलाकाविरुद्ध. सातच. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९७७ साली गेले, पंचेचाळिशीसुद्धा गाठली नाही. त्यांचं सगळं मला पटत नाही. ते धर्मच बाजूला ठेवून बोलत, मी नमाज सोडलेली नाही. पण बहिणीची केस लढायला मदत केली ती मंडळातल्या लोकांनी, हे विसरून कसं चालेल? सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला तो ऑगस्ट २०१७मध्ये. बहिणीची मुलगी तोवर नोकरीला लागली होती.

मशिदीचं म्हणाल, तर २०१९ साली बायकांना प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं जोडपं पुण्याचंच. मक्केत बायका पुरुष एकाच काब्याला फेऱ्या घालतात आणि आमच्या गावच्या मशिदीत मी पायरीच्या आत गेले नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही, राग आहे.

आता कर्वेनगरी, तुमचा तिसरा प्रश्न.

मुहम्मद पैगंबर गेल्यावर पुढारी कोण, यावर दोन मतं पडली. काहींनी अबूबक्र यांना निवडलं, ते पहिले खलिफा. काहींचं म्हणणं, मान जावयाचा, अलींचा. अली पुढे चौथे खलिफा झाले. ६८० साली करबल्याच्या मैदानात अलींचा मुलगा हुसेन, म्हणजे पैगंबरांचा नातू, घरच्या माणसांसह मारला गेला, आधी पाणी तोडून. अलींच्या बाजूचे ते शिया. भारतात आणि जगातही सुन्नी बरेच जास्त. मोहरम हा हुसेनचा शोक आहे, तेव्हा 'मोहरम मुबारक' असा मेसेज कृपा करून पाठवू नका. दरवर्षी मला दोन तरी येतात. आमच्या भागात मात्र सुन्नी काय, हिंदू काय, सगळेच ताबूत बसवायचे. सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत बघायला अजून माणूस लोटतो.

बोहरी हे शियांचीच एक शाखा. पांढरी टोपी, सोनेरी काठ, बायांचे रंगीत रिदा, म्हणजे बुरख्यासारखा पोशाख. एका मोठ्या थाळाभोवती सगळे बसतात आणि पहिल्यांदा बोटावर मीठ घेतात. खोजे आगाखानांना मानतात. नगर रस्त्यावरचा पॅलेस १८९२ साली त्यांच्याच तिसऱ्या आगाखानांनी बांधला आणि १९६९ साली चौथ्यांनी देशाला देऊन टाकला. कस्तुरबा तिथेच गेल्या. कॅम्पातले इराणी हॉटेलवाले सगळे पारशी असतात असं वाटतं ना? त्यांत शियाही आहेत.

मग दर्गा. मशीद म्हणजे नमाजची जागा, तिच्यात सहसा कुणी पुरलेलं नसतं. दर्गा म्हणजे एखाद्या पीराची कबर. कबरीला माथा टेकावा का, यावर सुन्नींमध्येच जोराचं भांडण आहे. आमच्याच घरात बघा. दादा दरवर्षी खेड शिवापूरला कमरअली दरवेशांच्या उरुसाला जायचे, तिथे अकरा जण मिळून एका बोटावर दगड उचलतात तिथे. माझा धाकटा भाऊ इज्तेमाला, म्हणजे धार्मिक मेळाव्याला, जातो आणि म्हणतो, हे सगळं चूक, मागायचं ते थेट अल्लाकडे. दादांच्या बाजूने मी आणि भावाच्या बाजूने त्याची बायको, असं ईदच्या दुपारी शिरकुर्मा खाऊन आमचं ठरलेलं भांडण होतं. त्या दगडाला बायांना हात लावू देत नाहीत, म्हणून माझी बाजू जरा लंगडी पडते.

अत्तार आडनावावरून सांगते, तुमच्या शेजाऱ्यांचे पूर्वज अत्तर विकत असणार. आम्ही तांबोळी पानवाले. बागवान फळं-भाज्यांचे, मणियार बांगड्यांचे, पिंजारी कापूस पिंजणारे, शिकलगार हत्यारांना धार लावणारे, मुजावर दर्ग्याचे, मुलाणी गावाच्या बलुत्यातले. अरबस्तानातून आलेले आम्ही फारसे नाही हो. माझी आजी मरेपर्यंत नऊवारीत होती. घरात बोलतो ती दखनी. तिच्यातलं 'नक्को' तुमच्याच 'नको'वरून, आणि "मैंच बोली" मधला 'च' मराठीचा. लखनौची माणसं आमचं हे बोलणं ऐकून कान धरतात.

---

नारायणपेठी

बाबाजानचं नाव कुणीच कसं काढलं नाही? कॅम्पात चारबावडीला कडुनिंबाखाली बसायची ती पठाण म्हातारी फकीर. १९३१ साली वारली, तिथेच दर्गा आहे. डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी १९१३ साली सायकलवरून जात होता, त्याला तिने बोलावून घेतलं. तेच पुढचे मेहेरबाबा. म्हणजे मुसलमान बाई, पारशी शिष्य आणि नगरला समाधी. माझी आजी कॅम्पात वाढली. सांगायची, बाबाजानला कुणी 'माई' म्हटलं की ती चिडायची, मी पुरुष आहे म्हणायची. बाबाच म्हणायचं.

बाईंचा भाऊ काय म्हणेल ते म्हणो, दर्गा बाईचा आहे एवढं सांगायला आले.

---

कर्वेनगरी

जाऊन आलो. वृत्तान्त देतो.

आईने आदल्या दिवशी सांजोऱ्या केल्या. साडेसहाला वर गेलो. फ्रिजवर वेळापत्रक खरंच होतं, एका मटण दुकानाची जाहिरात असलेलं. आई ते वाचायला जवळ गेली आणि जाहिरात बघून मागे सरकली, आजींना हसू आवरेना. दोन्ही पोरं खजुराची बी लांब कोण थुंकतो त्याची आधीच तालीम करत होती. शेवटची पाच मिनिटं बाई म्हणाल्या तशीच. पंख्याचा आवाज आणि खाली कुणाची तरी स्कूटर. कर्वेनगरात अजान ऐकू येत नाही, म्हणून नवऱ्याच्या फोनवर वाजली. आजींनी बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला आणि डोळे मिटून पाण्याचे तीन घोट घेतले. मी एवढ्या जवळून पाणी पिणं कधी पाहिलं नव्हतं.

आईसाठी वेगळी कढई आणून कांदाभजी तळली होती. ती कढई नवी आहे हे सांगायला आजी दोनदा लेबल दाखवून गेल्या. तिसऱ्यांदा आईनेच त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मग दोघींचं जे जमलं त्यात आम्हाला जागा नव्हती. एकादशी, निर्जळी, सून, गुडघे. आजी म्हणाल्या, एवढ्या मीटिंगा होतात तुमच्या सोसायटीच्या, आम्हाला एकीचं पण बोलावणं नाही. मी भज्याकडे बघत राहिलो. पुढची मीटिंग चौदा तारखेला आहे, बोलावणं मीच नेऊन देणार आहे आणि त्यांच्या शेजारी बसणार आहे.

आता नवीन अडचण. निघताना त्यांनी डबा भरून दिला, फिरनी होती, संपली. आई म्हणते रिकामा डबा परत द्यायचा नाही. त्यांना काय चालेल?

---

गणिताच्या बाई

साखर किती चालते ते आधी विचारा. आमच्या वयात अर्ध्याअधिक जणींना मधुमेह असतो आणि रमजानात कुणी कबूल करत नाही. नाहीतर सरळ थालीपिठाची भाजणी द्या, सहेरीला, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या खाण्याला, उपयोगी पडते. पहाटे चारला गरम तव्यावर थापायची, वर लोणी. दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही, चौतीस वर्षं अनुभव आहे.

---

दापोलीकर

आमच्याकडे कधी बोलावताय बाई? खेकडा मी आणतो.